पिशवी भरते एक, उघडतो दुसराच

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायच्या सामानाची यादी छापून आली. त्यातल्या निम्म्या वस्तू दवाखान्यातून घडी न मोडता घरी परत येणाऱ्या आहेत, पण आमचं म्हणणं त्याबद्दल नाही. बॅग भरणारी व्यक्ती आणि ती उघडणारी व्यक्ती वेगळी असते, ही गोष्ट यादीत राहून गेली. बॅग भरते गरोदर बाई किंवा तिची आई, दुपारी निवांत बसून. उघडतो नवरा, दीर, कधी शेजारचा मुलगा, तेही रात्री अडीचला लेबर रूमच्या दाराशी, आतून सिस्टर “बच्चे के कपड़े दो” म्हणून हाका मारत असताना. बाळाचे कपडे नेमके चाकाच्या सुटकेसच्या तळाशी असतात. वर आईचे गाऊन, चादर, थर्मास, फराळाचा डबा. सगळी सुटकेस बाकावर उपडी होते आणि शेवटी टॉवेल हाती लागतो तो नवा कोरा, न धुतलेला, कांजी केलेला.

हे घाईचं कापड का लागतं, ते आधी सांगतो. बाळ ओलं जन्मतं आणि ओल्या अंगाने फार भराभर गार पडतं. म्हणून जन्मल्याबरोबर एका मऊ सुती कापडाने ते कोरडं करायचं, ते ओलं कापड बाजूला टाकायचं, आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवून दुसऱ्या कोरड्या कापडाने दोघांना झाकायचं, डोक्यावर टोपडं घालायचं. म्हणजे कापडं दोन हवीत. बहुतेक घरांतून एकच येतं, तेही झालरीचं. मग त्याच ओल्या कापडात बाळ गुंडाळलं जातं. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. अशा रात्री तर ही चूक मुळीच परवडत नाही. उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंश असले तरी लेबर रूममध्ये एसी किंवा पंखा चालू असतो, तेव्हा मे महिन्यातही दोन कापडं न्यायचीच.

यासाठी एकच मोठी बॅग न भरता सामानाचे तीन भाग करावेत. पहिली लहान कापडी पिशवी फक्त लेबर रूमची. तिच्यात बाळाची एकच पुरचुंडी: एक मीटर लांब-रुंद अशी दोन मऊ दुपटी, एक टोपडं, पुढून बंद बांधायचं एक झबलं, एक लंगोट. आईसाठी पुढून उघडणारा एक गाऊन, चार जाड पॅड, दोन चड्ड्या, केस बांधायला दोन रबर, स्ट्रॉची बाटली, न घसरणाऱ्या सपाता. स्ट्रॉ चैनीची वस्तू नव्हे. कळा देताना किंवा सीझरनंतर आडवं पडून पाणी प्यायचं म्हटलं की भांड्याने निम्मं मानेवर सांडतं. कळांच्या वेळी तोंडाने श्वास घेऊन ओठ फुटतात, म्हणून साजूक तुपाची बोटभर डबी ठेवावी. दुसरी पिशवी वॉर्डाची, ती खोली मिळाल्यावर उघडायची. तिसरी कागदपत्रांची, चेनची आणि पारदर्शक. ती सोबतच्या माणसाच्या खांद्यावरून खाली उतरता कामा नये.

प्रत्येक पिशवीवर जाड मार्करने नाव घालावं, आणि ते हिंदीत घालावं: “बच्चा – जन्म के समय”, “माँ – वार्ड”. आया आणि सिस्टर बहुतेक हिंदी बोलणाऱ्या असतात. ‘दुपटं’ आणि ‘झबलं’ त्यांनी का म्हणून ओळखावं? बाळाचे बाकीचे कपडे वेगवेगळे न ठेवता झबलं, लंगोट, टोपडं आणि दुपटं यांची एकेक वळकटी करून नाडीने बांधावी. रात्री बाळ ओलं झालं की अंधारात एक वळकटी काढली, काम झालं. नॉर्मल बाळंतपणात सरकारी दवाखान्यात साधारण ४८ तास मुक्काम असतो. सीझरला दवाखान्यानुसार तीन ते सात दिवस. तेव्हा सहा वळकट्या आणि वर बारा-पंधरा सुटे लंगोट एवढ्यावर भागतं. पुढचे घरून धुऊन येतात.

लंगोट की डायपर, यावर घराघरांत आजी विरुद्ध सून असा सामना रंगतो. पहिल्या चार-पाच दिवसांपुरती आमची बाजू आजीची. या दिवसांत बाळाला दूध पुरतंय की नाही, हे ओल्या लंगोटांच्या संख्येवरून कळतं: पहिल्या दिवशी एक-दोन, मग रोज एखादा वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. डायपरमध्ये शू झाली की नाही, हे हाताला लागत नाही. पहिली काळी चिकट शी २४ तासांत व्हायला हवी. तीही वेळेसह लिहून ठेवावी, डॉक्टर राउंडला हमखास विचारतात. रात्रीच्या सोयीसाठी डायपर न्यायचेच असतील तर दहाचं पाकीट पुरे. लंगोट असो की डायपर, नाळेच्या खाली बांधावा. नाळेवर हळद, तेल, तूप, पावडर काही लावू नये; ती कोरडी राहिली की आपोआप पडते.

आता ट्रंकेबद्दल. आपल्याकडे दुपटी शिवायची ती आजीच्या जुन्या सुती साडीची, आणि ती मऊ साडी नव्या कापडापेक्षा शंभरपट बरी. पण ती बाहेर येते ट्रंकेतून, आणि ट्रंकेत असतात डांबराच्या गोळ्या. हा वास साधा नाही. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेने फुटतात आणि कावीळ जोरात चढते. तपासणी झाल्याशिवाय कोणतं बाळ तसं आहे, हे कळत नाही. तेव्हा गोळ्यांतलं कापड बाळाला वापरूच नये; टाकवत नसेल तर ते बाळापासून आणि आईच्या पलंगापासून दूर, दुसऱ्या कामाला वापरावं. क्लॉथ मार्केटात मलमल मिळते. ती आणून दोनदा बिनवासाच्या साबणाने धुवावी, फॅब्रिक सॉफ्टनर आणि नीळ टाळावी, कडक उन्हात वाळवावी. बाळाचं सगळं कपडेपट सातव्या-आठव्या महिन्यातच धुऊन, इस्त्री फिरवून स्वच्छ सुती पिशवीत बांधून ठेवावं.

विणलेले मोजे आणि हातमोजे आणले असतील तर आत हात घालून उलटे करा. आत लोंबणारे धागे दिसतील. असा एक धागा बाळाच्या बोटाला वेढा घालून बसला तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. बाळ रडत राहतं आणि सगळे म्हणतात, पोटात दुखत असेल. धागे मुळाशी कापावेत किंवा सुती, शिवलेले मोजे घ्यावेत. झबल्याचे बंदही वीतभर लांब नकोत, आणि गळ्याशी तर नकोतच.

आईच्या वस्तूंत चूक होते ती पॅडमध्ये. टीव्हीवरचे पातळ, जेलचे पॅड इथे कामाचे नाहीत. त्यांचा वरचा प्लास्टिकचा थर टाक्यांना घासतो आणि रक्त किती गेलं याचा अंदाज लागत नाही. पहिल्या २४ तासांत तोच अंदाज सगळ्यात महत्त्वाचा असतो. जाड, कापसाचे, लांब पॅड घ्यावेत. दर तीन-चार तासांनी बदलायचा म्हणजे दिवसाला सहा ते आठ, तीन दिवसांचे जास्तीत जास्त दोन डझन. पहिल्या दिवशी पॅड सिस्टरला दाखवल्याशिवाय फेकू नये. तासाभरात पूर्ण भिजला किंवा लिंबाएवढ्या गाठी पडल्या, तर लाज न बाळगता लगेच आवाज द्यावा. स्राव चार ते सहा आठवडे चालतो. तोवर टॅम्पॉन आणि कप बंद.

चड्ड्या नेहमीपेक्षा एक माप मोठ्या, गडद रंगाच्या आणि बेंबीपर्यंत चढणाऱ्या घ्याव्यात. सीझरचा छेद ओटीपोटाच्या अगदी खालच्या बाजूला आडवा असतो आणि कमी उंचीच्या चड्डीचं इलॅस्टिक नेमकं तिथेच बसतं. ब्रा तारेच्या नकोत. दूध उतरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माप वाढतं, म्हणून आधी दोनच घ्याव्यात. पोटपट्टा डॉक्टरांनी सांगितला तर तिथेच मिळतो, आधीच मापाने घेतला की हमखास घट्ट होतो.

बांगड्यांचा विषय नाजूक आहे, तरी लिहायलाच हवा. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा बाळंतपणापर्यंत उतरवू नये, असं अनेक घरांत मानतात. शेवटच्या महिन्यात हाताला सूज येते, मग तो साबण लावूनही निघत नाही. सलाइनची सुई मनगटाशी किंवा हाताच्या पाठीवर लागते, तिथे काच आड येते, आणि जोराची कळ आली की बाई पलंगाची दांडी धरते तेव्हा ती फुटते. सीझरमध्ये रक्त थांबवायला विजेवर चालणारं यंत्र वापरतात. अंगावरच्या धातूपाशी भाजण्याचा धोका असतो, म्हणून जोडवी, चमकी, मंगळसूत्र, पाटल्या सगळं उतरवावं लागतं. चुडा नवव्या महिन्याच्या सुरुवातीलाच देवापुढे काढून ठेवावा, मन धजत नसेल तर एक हिरवा दोरा बांधावा. दागिने घरीच ठेवावेत. लेबर रूमच्या दाराशी सिस्टरच्या हाती सोन्याची पुडी देणं तिच्यावरही अन्याय आहे. नखांचं पॉलिश पुसावं आणि बोटांच्या टोकांना काळी मेंदी लावू नये, कारण तिथेच ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो आणि नखांचा रंग पाहूनच डॉक्टरांना पुष्कळ काही कळतं. लेन्स घालत असाल तर चष्मा न्यावा.

खाण्याचा डबा ही आपली, विशेषतः इंदूरची, कमजोरी. “रात्रभर कळा द्यायच्यात, अंगात ताकद हवी” म्हणून निघताना पोहे-जलेबी नाहीतर तुपाचा शिरा भरवला जातो. पण कधी सीझर करावं लागेल, हे कोणी सांगू शकत नाही. भूल देताना पोट भरलेलं असेल तर उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ठरलेल्या सीझरपूर्वी हलकं खाणं सहा तास, तळलेलं-तुपकट आठ तास आणि साधं पाणी दोन तास बंद, असा सर्वसाधारण नियम आहे. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तो अंतिम. कळा सुरू झाल्यावर डॉक्टरांची हरकत नसेल तर नारळपाणी, पातळ सरबत, चहा असं घोट-घोट घ्यावं. आणि काय खाल्लं, किती वाजता खाल्लं हे विचारलं तर खरं सांगावं. “काही नाही खाल्लं” हे सासूबाई रागावतील म्हणून दिलेलं उत्तर भूलतज्ज्ञाला फसवतं. डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर घरी आल्यावर. डबा न्यायचाच असेल तर रात्रभर बाकावर बसणाऱ्या माणसासाठी न्या. त्याची आठवण कोणालाच राहत नाही.

कागदपत्रांवर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त धावपळ यांच्यामुळे होते. मुलगी पुण्या-मुंबईहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी इंदूरला येते. तिची फाइल तिकडच्या डॉक्टरांकडे राहते, सोनोग्राफीचे रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाइलमध्ये, आणि नवरा निघालेला असतो रात्रीच्या गाडीने. फोनला रेंज नाही, इथे डॉक्टर रक्तगट विचारतायत. तेव्हा सातव्या महिन्यात येतानाच मूळ फाइल आणावी, इथल्या डॉक्टरांकडे तेव्हाच नाव घालावं. फाइलमध्ये सगळ्यात वर एक कागद असावा, त्यावर मोठ्या अक्षरात: रक्तगट, बाळंतपणाची अपेक्षित तारीख, शेवटचं हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड, एचआयव्ही-हेपॅटायटिस बीच्या तपासण्यांचे निकाल, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, चालू गोळ्या-इंजेक्शनं आणि शेवटचा डोस कधी घेतला. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते लाल पेनाने लिहावं. कमरेत भूल द्यायची की नाही, हे त्यावर ठरतं.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं (पुढच्या बाळंतपणातला धोका टाळणारं) इंजेक्शन कुठे मिळेल, हे आधी विचारून ठेवावं. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. पण दवा बाजारातून आठवडाभर आधी आणून बॅगेत ठेवू नये. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. कपाटात ठेवलेलं इंजेक्शन आणि पाणी यांत फारसा फरक उरत नाही.

बाकी कागद: आई-वडील दोघांची आधार कार्डं, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), सरकारी माता-बाल सुरक्षा कार्ड, आईच्याच नावच्या बँक पासबुकाची झेरॉक्स, विमा असल्यास पॉलिसी. प्रत्येकी तीन प्रती काढाव्यात, रात्री झेरॉक्सचं दुकान उघडं नसतं. सरकारी दवाखान्यात जननी सुरक्षा योजनेचे पैसे (मध्य प्रदेशात शहरी आईला १,०००, ग्रामीण आईला १,४०० रुपये) थेट आईच्या खात्यात येतात. खातं लग्नाआधीच्या नावाचं आणि आधार लग्नानंतरच्या, असं असेल तर ते अडकतात. २०११पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या, रक्त, सीझर, घरी सोडणारी गाडी, तसंच नॉर्मलला तीन आणि सीझरला सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे. एम.टी.एच.सारख्या (महाराजा तुकोजीराव रुग्णालय) सरकारी ठिकाणी जाणाऱ्यांनी म्हणून औषधांची पिशवी आधीच विकत घेऊ नये.

हीच कागदपत्रं जन्मनोंदणीलाही लागतात. २१ दिवसांत नोंद मोफत होते, आणि बाळाचं नाव ठरलं नसलं तरी होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच जन्मदाखला जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. दवाखान्याच्या फॉर्मवर आई-वडिलांची नावं आधारवरच्याच स्पेलिंगने, मराठी आडनावातली दीर्घ-ऱ्हस्वाची भानगड तपासून, डिस्चार्जच्या आधी वाचून घ्यावीत. त्याच वेळी डिस्चार्ज कार्डावर बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य म्हणजे जन्मावेळचा डोस, हेपॅटायटिस बीचा पहिला डोस आणि व्हिटॅमिन के यांच्या नोंदी आहेत का, तेही पाहावं.

रक्त देऊ शकतील अशा दोघांचे फोन नंबर पिशवीत हवेत. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान साडेबारा, मागच्या रक्तदानाला पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने झालेले. उपाशीपोटी बोलावू नका. गरोदर बाईचे सख्खे नातेवाईक घाबरून चक्कर येऊन पडतात. लांबचा, धीट माणूस बरा.

न नेण्याच्या वस्तू: मध, बाळगुटी, ग्राइप वॉटर, काजळ, पावडर, बाटली, चोखणी. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू असू शकतात, वर्षाच्या आत तो देऊच नये. घरच्या काजळातही शिसं असू शकतं. चीक हेच पहिलं अन्न. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच लागतो, म्हणून “दूधच आलं नाही” ही ओरड बहुतेक वेळा खोटी असते. बाळ ओढत नसेल तर उकळलेली वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीची छोटी वाटी) हवं, बाटली नको. आणि संपादक महोदय, दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे. पुरवणीतला लेख जाहिरात नव्हता हे कबूल, पण फोटोत बाटलीच सगळ्यात पुढे होती.

बॅग ३४ आठवड्यांपर्यंत भरून दाराजवळ ठेवावी. जुळं किंवा रक्तदाब असेल तर ३२ला. निघायचं कधी? पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की. दुसरेपणी त्याआधी. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट न पाहता. पाणी गेल्याची वेळ आणि रंग लिहावा. हिरवट असेल तर फोनवरच सांगावं. रस्ता आधी ठरवावा. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री आणि रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. रामबाग, नारायण बागेकडच्यांनी तारीख त्या सुमारास असेल तर दुसरी वाट एकदा गाडीने जाऊन पाहावी.

शहरातल्या प्रसूतिगृहांना आमची एक विनंती आहे. सातव्या महिन्याच्या तपासणीलाच अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी: आम्ही काय पुरवतो, तुम्ही काय आणायचं, बाहेरचं कापड चालतं की नाही, सोबत किती जण आत येऊ शकतात, डिपॉझिट किती, रात्री कोणतं गेट उघडं असतं. काही दवाखाने स्वतःचंच निर्जंतुक कापड वापरतात. तिथे आमची अर्धी यादी रद्द होते, आणि ते घरच्यांना आधी कळलेलं बरं.

आपण ती यादी पुन्हा छापणार असाल तर कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल अशा मोठ्या अक्षरांत छापावी. त्यातून गुलाबी गादी, बाटली आणि पावडर काढावी, आणि त्या जागी रक्तदात्यांचे दोन नंबर लिहायला रिकाम्या ओळी सोडाव्यात.

कळावे,
काही निवृत्त परिचारिका,
रामबाग, इंदूर